चाईवर बिबा

केस गळण्याचं मला कोणी सांगू नये. कंगव्यात चार केस जास्त आले की आजकाल घरभर बोंब होते. माझे पुंजकेच्या पुंजके जायचे. सकाळी उशी झटकायची, तर ओसरीत केसच केस. मी तेव्हा नुकती कॉलेजात गेले होते. रंग सावळा, नाक बसकं. गावानं माझं कौतुक केलं ते एका वेणीचं. तीच चालली होती हो!

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आमचं गाव धानोऱ्याकडचं, जंगलाला लागून. हिवताप दर पावसाळ्यात ठरलेला; त्या वर्षी तो माझ्या डोक्यात चढला. मरता मरता वाचले. धान कापून झालं, मी हिंडूफिरू लागले आणि मग केस झडायला लागले. त्यातच उजव्या कानाच्या वर रुपयाएवढी गुळगुळीत चकती उघडी पडली. शेजारीण बघताक्षणी म्हणाली, "अव माय! चाई लागली हिले."

जेवढी तोंडं तेवढी कारणं. बोरिंगचं पाणी, तापाच्या कडू गोळ्यांची गरमी, कोणाची तरी नजर. नजर म्हटलं की माय उसळायची. आम्ही बौद्ध, बापानं दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव उचलले होते. "अंगारा-लिंबू माह्या घरात नाई चालत," माय दारातच सुनवायची. "दवा सांगा, दवा करतो मी." मग कांद्याचा रस, जास्वंदाची पानं, माक्याचं तेल. डोक्याला असा वास यायचा की कॉलेजात बाकावर माझ्याशेजारी कोणी बसेना. गुंजही उगाळून लावली. केस गळायचे ते गळतच होते.

शेवटी धानोऱ्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होता, बोलायला बरा. म्हणाला, "मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस असे झडतात. परत येतील. ही चकतीही बहुतेक आपोआप भरेल. डोक्याला काही लावू नका. डाळ, भाजी, अंडी खाऊ घाला."

माय उठेचना. "सुई?"

"गरज नाही."

"गोळी तरी?"

"नको, बाई."

एसटीतून गावात उतरताच माय फुटली. "हा कायचा डाक्टर? नुसतं बोलून पाठवते! आपल्या लोकायले चांगली दवा कायले देईन तो?" जन्मभर तिला सगळीकडे असंच रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं. या एकानं खरं सांगून पाठवलं, हे तिला कसं कळावं!

बिबे घरातच होते. जंगलातून वेचून आणायचे नि बाजारात विकायचे, हे आमचं नेहमीचं. मायनं बिब्याला सुई टोचली, दिव्यावर धरली. काळं तेल सुटलं. "मंतर नाई हा, दवा आहे," ती म्हणाली. लोक एखादा ठिपका देतात. मायनं सगळी चकती भरली, वरून पुन्हा एक हात फिरवला. पोरीला कमी पडू नये म्हणून.

सकाळी बिबा उतला. डोकं भोपळ्यासारखं सुजलं, डोळे मिटले, पाण्याचे फोड आले. माय उतारा म्हणून खोबरं चावून चावून लावत होती आणि रडत होती. पुढे पू झाला, खपली धरली, पडली.

पावसाळ्याच्या तोंडाशी केस आले. दाट, काळेभोर, डॉक्टर म्हणाला तसेच. ती जागा मात्र भाजल्या कातड्यासारखी चकचकीत राहिली. त्याचं तेवढंच आम्ही खोटं पाडलं.

मायनं माझा भांग बाजूला नेला. रोज स्वतः विंचरायची, त्या जागेवर केस ओढून पिन लावायची. मी नोकरीला लागले तरी मला कंगवा हातात घेऊ द्यायची नाही. आणि रोज तिथं बोट फिरवून विचारायची, "येऊन राह्यले का वं?" मी म्हणायची, "नाई." मला फार राग यायचा. तिचा, त्या चाईचा, सगळ्याचाच. तिच्या तोंडावर तो कधी काढला नाही, पण गोड बोलणंही जमलं नाही.

दशक सरता सरता मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, मग तिनं अंथरूणच धरलं. कंगवा माझ्या हातात आला. शेवटच्या दिवसांत एकदा मी तिला पेज भरवत होते. तिनं हात वर केला, चाचपत माझ्या उजव्या कानापर्यंत आणला. काय विचारणार ते मला ठाऊक होतं.

मी मान वळवली आणि डावी बाजू तिच्या हाताखाली दिली.

तिची बोटं केसांत शिरली. बराच वेळ तशीच फिरत राहिली. "आले वं बाई," ती म्हणाली.

"हो माय," मी म्हटलं, "तुह्याच दवेनं आले."