नागोबाला मोठं घर

मुलगी उन्हाळ्यात प्राक्टिकुमसाठी, म्हणजे इंटर्नशिपसाठी, ड्रेस्डेनला गेली आणि जाताना आपला साप आमच्याकडे ठेवून गेली. तिथे खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या मुलीला साप चालणार नव्हता. मला त्या मुलीचं म्हणणं शंभर टक्के पटलं होतं, पण मला विचारतो कोण.

साप म्हणजे कॉर्न स्नेकचं पिल्लू. बिनविषारी, नारिंगी, बुटाच्या नाडीएवढं. राहायचं प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यात. झाकणाला बारीक भोकं, तळाला लाकडाचा भुगा, एका टोकाखाली ऊब देणारी चटई, लपायला दोन्ही टोकांना एकेक करवंटी आणि पाण्याची वाटी. जेवण आठवड्यातून एकदा, गोठवलेलं उंदराचं पिल्लू. ते पिशवीसकट कोमट पाण्यात ठेवून नरम करायचं आणि चिमट्यानं पुढे धरायचं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे शाकाहारी, म्हणून उंदरांसाठी खाली केलरमध्ये, तळघरात, वेगळा फ्रीझर.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं होतं. पिल्लू जेवत होतं, मी घाबरत होतो. मग भीती गेली आणि माया आली. तिथेच घोळ झाला.

वोल्फ्सबुर्गला आलो तेव्हा आम्ही एका खोलीत संसार मांडला होता. डब्यातल्या त्या जिवाकडे बघून मला ते दिवस आठवायला लागले. ऑफिसातल्या एकाकडे काचेचं मोठं टेरारियम पडून होतं, ते मी उचलून आणलं आणि दिवाणखान्यात टीव्हीशेजारी मांडलं. नोकरीत मी गाड्यांच्या दारांची रबरं बसवण्यात तज्ज्ञ, त्यामुळे फट म्हणून राहू दिली नाही. वर दिवा लावला. आत एक फांदी आणि एकच करवंटी ठेवली. जागा मोकळी दिसायला हवी ना!

"अहो, आपल्या पहिल्या घरापेक्षा ऐसपैस झालं की हे," बायको म्हणाली. मला अगदी कृतार्थ वाटलं.

त्याच सुमारास आई पुण्याहून आली आणि नागपंचमी आली. जन्मभर पाटावर चंदनानं नाग काढून पूजा केलेली बाई. इथे तर नागोबा टीव्हीशेजारी! बायकोनं गावातल्या मराठी मंडळींना फोनवरून आमंत्रणं दिली.

"काकू, खरा नाग आहे?"

"नाग नाही गं, पण साप खरा आहे."

"चालेल, चालेल!"

काचेला हळदीकुंकू लागलं. मुलांनी टकटक केलं. फोटोंसाठी नागोबा सात-आठ हातांतून फिरून आले. आईनं दुधाची वाटी आत ठेवली, ती मी बाहेर काढली.

"आई, सापाला दूध पचत नाही."

"मग इतकी वर्षं आम्ही काय करत होतो रे?"

"त्याला त्रास देत होतो. गेनाऊ, अगदी तेच."

तेव्हा मला स्वतःच्या ज्ञानाचा फार अभिमान वाटला होता.

त्या आठवड्यात पिल्लू जेवलं नाही. पुढच्याही नाही. उंदराकडे पाठ करून काचेच्या कोपऱ्यात डोकं घासत राहिलं. पाठीचा कणा वर दिसायला लागला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, तर तेही उतरलेलं.

"पूजेत काही चुकलं का रे?" आई म्हणाली. "सणाला घरात असलेला जीव उपाशी बसलाय."

मग मी आपल्या पद्धतीनं सुरू झालो. रोज संध्याकाळी त्याला बाहेर काढायचो, हातावर घ्यायचो आणि नाकापुढे उंदीर हलवायचो. "हा घास चिऊचा, हा घास काऊचा. खा रे राजा!" मुलगी लहान असताना हा उपाय कधी फुकट गेला नव्हता.

शेवटी तिला व्हिडिओ कॉल लावला. माझ्यामागचं टेरारियम तिला लगेच दिसलं. आमच्याशी ती जर्मनच बोलते, तशीच बोलली.

"आल्झो, मला सांग, घर बदलायला कोणी सांगितलं?"

"अगं, लहान होतं ना ते..."

"खालची ऊब?"

"वर दिवा आहे की."

"बाबा, रोज हातात घेतोस?"

"रोज असं नाही. संध्याकाळी फक्त."

"तो घाबरलाय. एवढंसं पिल्लू, चहूबाजूंनी उघडं, लपायला जागा नाही. तुला गाड्यांनी भरलेल्या पार्कप्लात्झच्या मधोमध ताट वाढलं तर जेवशील तू?"

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात तिचा आवाज चिरकला आणि ती मराठीत म्हणाली, "बाबा, तो मरेल रे."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. पोरगी आपणहून मराठीत आली होती.

मग सूचना मिळाल्या. जुना डबा, जुनी चटई, दोन्ही करवंट्या, वर फडकं. आठवडाभर पाणी बदलण्यापुरतंच उघडायचं, हात लावायचा नाही. मग तिन्हीसांजेला उंदीर करवंटीच्या तोंडाशी ठेवून निघून जायचं. तरी नाही खाल्लं, तर सापांच्या डॉक्टरकडे.

डबा मुलीच्या खोलीत गेला. सगळं जमलं, पण काहीच न करणं फार जड गेलं. आम्हाला ती सवयच नाही. पंचमीला हुकलेलं एक कुटुंब दर्शनाला आलं, तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली. "नागोबा आराम करतायत. तुम्ही चहा घ्या."

"आई, तुम्हीच दिवसभर त्या दारापाशी घुटमळता," बायको म्हणाली.

"मी आत जात नाही. नुसती ऐकते."

"साप काय बोलणार आहे?"

"भुगा तर वाजेल!"

ठरल्या दिवशी उंदीर ठेवला, झाकण लावलं, दार ओढलं. आम्ही तिघं स्वयंपाकघरात येऊन बसलो. पोळ्या झाल्या होत्या, पण आईनं पान मांडू दिलं नाही. तो जेवल्याशिवाय ती जेवणार नव्हती. बाहेर अजून उजेड होता. शेजाऱ्यांच्या बागेत कुणीतरी गवत कापत होतं आणि त्या आवाजावर आई चिडली होती.

तासाभरानं मी चपला काढून आत गेलो आणि फडकं जरासं उचललं. करवंटीच्या तोंडाशी काही नव्हतं. करवंटीबाहेर नारिंगी अंगाचं एक वेटोळं तेवढं दिसत होतं आणि त्याच्या मध्यावर टपोरा फुगवटा. मी परत झाकून आलो.

"जेवला," मी म्हणालो. बायकोनं लगेच ड्रेस्डेनला मेसेज केला.

आईनं डोळे टिपले. मग म्हणाली, "इतक्या दिवसांचा उपाशी आहे रे. अजून एक वाढ त्याला."

"नाही आई. आग्रह करायचा नाही. आता दोन दिवस हातही लावायचा नाही."

"एकावर कुणी उठवतं का पानावरून?" असं पुटपुटत तिनं माझं पान मांडलं आणि न विचारता तीन पोळ्या वाढल्या.