जगायला गेलेल्यांची यादी

वयनी गेल्याचा निरोप जव्हारच्या दवाखान्यातून माझ्या संगणक केंद्रातल्या फोनवर आला. मी कुणाचा तरी अर्ज टाइप करत होतो. तो पुरा करूनच उठलो... शिकलेल्या माणसाची शिस्त म्हणा, नाहीतर भीती.

ही माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावरही पाड्यातच राहिली. दिवाळीनंतर आमची माणसं जगायला वीटभट्ट्यांवर निघतात. निघताना प्रत्येक घर तिच्या ओट्याशी थांबून कुठली भट्टी, कोण मुकादम, ते सांगून जायचं. तिला अक्षर येत नव्हतं, पण सगळा पाडा तिच्या डोक्यात. मागं कुणी आजारी पडलं की एसटीवाल्याच्या हाती ती नेमक्या भट्टीवर निरोप धाडायची. खोडाळ्यात संगणक आला, मी तो चालवायला लागलो, तेव्हा पहिल्याच बाजाराला ती केंद्रात हजर. "सायेब, मी सांगते, तू ही माणसं तुझ्या पेटीत घाल. मी मेल्यावर कुणाला इचारशील?"

"वयनी, याचा फॉर्म नाही."

"फॉर्म नाही! माणसं चावतात का तुझ्या पेटीला?" रांगेतले हसले.

खरं सांगतो, अर्ध्या तासाचं काम होतं. पण पाड्यातला पहिला बी.ए. मी; चारचौघांत अडाणी बाईनं सांगावं नि मी टाइप करावं, यात मला कमीपणा वाटला. ती आणखी दोनदा आली. मग आली नाही.

यंदा शिमग्याआधी तिला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. त्याच आठवड्यात शेजारच्या रामाची आई वारली. रामा कुठल्या भट्टीवर आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी वयनीच्या खाटेशी वाकून विचारलं. तिला कळलं. ओठ हलले, डोळ्यांतून पाणी आलं... शब्द आला नाही. म्हातारीला मुलाशिवाय नेलं. वयनी तशीच पडून राहिली, नि नवरात्रात जव्हारला दवाखान्यात नेली, तिथंच गेली.

दिवाळी झाल्यावर मी संगणकात तक्ता केला, केंद्राबाहेर 'जगायला जाताना भट्टी इथं सांगून जा' अशी पाटी लावली. कुणी आलं नाही. शेवटी कागद घेऊन मीच तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. निघालेली घरं तिथं थांबतच होती. रामाही आला, डोक्यावर बोचकं. मी सरकून जागा केली. त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. बंद दाराकडं तोंड करून म्हणाला, "वयनी, आवंदा वसईकडं. मुकादम तोच. भट्टी खाडीच्या कडंची."

मी लिहून घेतलं.