गजभिये गुरुजींची दुपारची हजेरी

गजभिये गुरुजी सातवीच्या वर्गाची हजेरी दोनदा घेत. सकाळची, सगळे घेतात तशी. मधल्या सुट्टीनंतरची मात्र पोरांनी डोळे मिटून द्यायची. चाचपायचं नाही, किलकिलं करून बघायचं नाही. शेजारी कोण आहे ते ओळखायचं आणि नाव सांगायचं. "माह्या बाजूले आचल हाय." "माह्या बाजूले तन्मय हाय." अशी नावं सरकत सरकत शेवटच्या बाकापर्यंत जात. तिथे खिडकीलगतची जागा रिकामीच असे. तिच्या शेजारचं पोर सांगे, "माह्या बाजूले सुजाता हाय." गुरुजी "बरं" म्हणत आणि पुस्तक उघडत.

मी लाखनीजवळच्या त्या शाळेत विज्ञान शिकवायला नवीनच गेले होते. व्हरांड्यातून हे पहिल्यांदा ऐकलं आणि आत डोकावून पाहिलं. त्या जागेवर नुसतं ऊन पडलेलं होतं. विज्ञानाच्या बाईच्या अंगावर काटा येणं शोभत नाही, पण आला.

शाळा सुटल्यावर मी त्यांना सरळ विचारलं. सुजाता त्यांची मुलगी. फार वर्षांपूर्वी याच वर्गात होती. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या तलावात शिंगाडे तोडायला एकटीच गेली आणि बुडाली. सकाळच्या हजेरीत तिने "हजर" म्हटलेलं, त्यामुळे शाळा सुटेपर्यंत कुणी तिला शोधलंच नाही. गुरुजी त्या दुपारी तिच्याच वर्गावर शिकवत होते.

"माह्याच वर्गातली पोरगी, मॅडम, अन् मलेच नाई समजलं," ते म्हणाले. "उघड्या डोळ्यानं मी चुकलो, तवापासून मिटल्या डोळ्यानं बाजूच्याले विचारतो."

"पण मुलांना तिचं नाव घ्यायला का लावता? घाबरतील ना."

"मी नाई लावलं. एका साली एक पोट्टं आपल्या मनानंच बोललं. मंग बाकीचेबी बोलाले लागले." ते चष्मा पुसत राहिले. "भूत-गीत मी मानत नाई. पन पोट्टे रोज रोज खोटं कायले बोलतीन?"

सातवी म्हणजे शाळेचं दुखणं होतं. विज्ञानाच्या माझ्याआधीच्या दोन शिक्षकांनी त्या वर्गाला कंटाळून बदली मागून घेतली होती. पोरं खिडकीतून बाहेर उड्या मारत, पंख्यावर खडू फेकत, भाताच्या रोवणीच्या दिवसांत चिखलाच्या पायांनी येऊन बाकावर झोपत. गुरुजींनी छडी कधी धरली नाही. गोंधळ वाढला की ते आवाज आणखी खाली आणत, इतका की पोरांना ऐकायला गप्प बसावंच लागे. मला म्हणत, "आवाज चढवला का पोट्टे आवाजच आयकतात, मॅडम. सांगनं राहून जाते." मी हे करून पाहिलं, माझ्या वर्गाला मी तिथे असल्याचाच विसर पडला.

वर्गातला सगळ्यात वांड पोरगा कुणाल. त्याला त्यांनी मुद्दाम त्या रिकाम्या जागेशेजारी बसवलं होतं. दसऱ्यानंतरची गोष्ट. मी काही मागायला दारात उभी होते. नावं सरकत कुणालपर्यंत आली. तो थांबला, मग म्हणाला, "माह्या बाजूले कोनी नाई."

मला वाटलं, मस्करी करतोय. गुरुजींच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. ते चप्पल न घालताच धावत सुटले, त्यांच्यामागे मी. तलावात पहिलीतली एक पोर छातीभर पाण्यात उभी होती आणि शिंगाड्याच्या वेलाकडे हात लांबवत पुढे पुढे सरकत होती. गुरुजी कपड्यांनिशी आत शिरले आणि तिला उचलून घेऊन आले.

पोर तिच्या बाईंच्या हवाली करून ते तसेच ओले वर्गात गेले, कुणालसमोर उभे राहिले. "आता?"

कुणालने डोळे मिटले. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "आली."

"बरं," म्हणून गुरुजींनी खाली पडलेलं पुस्तक उचललं. त्या दिवशी मला मात्र एक अक्षर शिकवता आलं नाही.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाची शाल खांद्यावर तशीच ठेवून माझ्याजवळ आले. "मले ती कधीच नाई दिसली, मॅडम. एकदाबी नाई. पोट्ट्यायच्या तोंडूनच आयकलं मी, आली म्हनून. आता घरी मले कोन सांगन?" इतकी वर्षं ज्या माणसाची मला थोडी भीती वाटायची, त्याचे डोळे भरून आलेले पाहून माझाच जीव गलबलला. मी म्हटलं, "मी सांगेन."

सातवी आता माझ्याकडे आहे. दुपारची हजेरी झाली की मी व्हरांड्यात येऊन त्यांना फोन करते. "आली, गुरुजी." पलीकडून "बरं." एवढंच आमचं बोलणं.

परवा त्या जागेशेजारच्या रुचिताने डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवून म्हणाली, "मॅडम, कोनी नाई."

आम्ही सगळेच शिक्षक तलावाकडे धावलो. पाणी अगदी स्थिर होतं. परत येऊन प्रत्येक वर्गातली पोरं एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजली. एकही कमी नव्हतं. मी व्हरांड्यात येऊन गुरुजींना फोन लावला आणि "गुरुजी" एवढंच म्हटलं.

त्यांनीच हळू आवाजात विचारलं, "पान्याकडे धावले का, मॅडम?"

"हो."

"नका धावू," ते म्हणाले. "घरी आली हाय."