खिंडीतला जाळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि रोज सकाळी देवीपुढे हात जोडतो तिथेही शब्दांत नाही. तिथे नुसता उभा राहतो आणि मनात म्हणतो, तुला माहीतच आहे. तिला माहीत आहे म्हणून आपण बोलायला नको, ही सोय मी काही वर्षं वापरली. पण माझ्याविषयी लोक जे चांगलं बोलतात, त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट खोटी आहे. ती मी पसरवली नाही, फक्त कधी खोडली नाही. आता पन्नाशी ओलांडल्यावर ती ऐकताना अंगावर काटा येतो, म्हणून लिहायला बसलो.

मी भुसावळचा, रेल्वेच्या एका ऑफिसात नोकरीला. आमचं कुळ यावलकडचं, कुलदैवत मनुदेवी. रशीद माझा जुना दोस्त. त्याचं कूलर दुरुस्तीचं दुकान. उन्हाळ्यात त्याला जेवायला फुरसत नसते आणि हिवाळ्यात तो माश्या मारतो, असं तोच सांगतो. त्या रिकाम्या दिवसांत आम्ही पहाटे पळायला लागलो, मग सातपुड्यात भटकायला लागलो, आणि त्यातून त्या रात्रीच्या स्पर्धेचा नाद लागला. थंडीच्या दिवसांत फैजपूरच्या पुढे, पायथ्याच्या एका गावातून ती सुटायची. जोडीनं पळायचं. नकाशा आणि होकायंत्र घेऊन अंधारात डोंगरातल्या ठरलेल्या खुणा शोधायच्या. प्रत्येक खुणेपाशी एक छिद्र पाडायचा चिमटा टांगलेला असतो, त्यानं दोघांनी आपापलं कार्ड टोचायचं. दोन्ही कार्डांवर सगळी छिद्रं नसली तर जोडी बाद. त्या दऱ्यांत फोन लागत नाही, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी. अडचण आली की वाजवायची आणि जागेवरून हलायचं नाही.

आदल्या वर्षी आम्ही शेवटून दुसरे आलो होतो. ऑफिसात आठवडाभर चहाबरोबर मीच होतो. "काय साहेब, पळायला गेले होते की हुरडा खायला?" मी हसायचो. पण ते बोलणं आत कुठेतरी जाऊन बसलं. नोकरीत माझ्या मागून आलेले पुढे गेले होते, घरात कुणी माझं विशेष ऐकत नव्हतं. वाटायचं, एकदा तरी कुठे पहिलं यावं. त्या वर्षी निघायच्या आधी देवीला गेलो आणि स्पष्ट मागितलं, आई, यंदा नंबर दे. घरच्यांची खुशाली मागायचीही राहून गेली.

संध्याकाळी आम्ही सुटलो तेव्हाच आभाळ भरलेलं होतं. अवकाळी येणार असं सगळे म्हणत होते, पण स्पर्धा थांबली नाही. पहिल्या चढानंतर एक खिंड लागते. तिथे शेंदूर लावलेला एक दगड आहे आणि त्यावर चार खांबांचं पत्र्याचं छप्पर. त्या भागातले पावरा लोक खिंड ओलांडताना तिथे एक वाळकी काटकी ठेवून जातात. वर्षभराच्या काटक्यांचा ढीगच असतो छपराखाली. मी धावता धावता हात जोडले. रशीद थांबला, वाकून दोन काटक्या उचलल्या आणि ढिगावर ठेवल्या.

"दोन कशाला?"

"एक तुझी. देव तुझा, लाकूड मी ठेवू, वा रे भाऊ."

"चल लवकर," मी म्हणालो. "येताना ठेवली असती."

मग पाऊस आला, पावसामागून गारा. हरभऱ्याएवढ्या होत्या, मग बोरांएवढ्या झाल्या. वारा असा की टोपी धरावी तर होकायंत्र सुटतं. आपल्याकडची थंडी कोरडी असते, अंगावर घेता येते. ही ओली थंडी होती, हाडांत शिरणारी. एकेक जोडी मागे फिरू लागली. समोरून दिवे यायचे आणि आवाज यायचा, "आम्ही चाललो खाली, तुम्हीही चला." प्रत्येक वेळी रशीद माझ्याकडे बघायचा आणि मी नकाशात बघायचो. मध्यरात्र उलटेपर्यंत माझ्या लक्षात आलं की पुढे कुणीच उरलेलं नाही. दोन खुणा राहिल्या होत्या, एक नाल्यापलीकडची आणि एक खिंडीवरच्या डोंगरधारेवरची. त्या टोचल्या की आम्ही पहिले.

नाल्यापलीकडची टोचून परत खिंडीकडे चढताना रशीद घसरला. गारांनी दगड तुळतुळीत झाले होते. गुडघा असा वळला की मला आवाज आला. तो ओरडला नाही, नुसता बसला आणि म्हणाला, "गया." उभा राहून पाहिलं, पाय टेकवेना. मी त्याला एका कपारीत टेकवलं, माझ्या पिशवीतलं प्लास्टिक त्याच्या अंगावर घातलं, खिशातलं केळं दिलं. खिंडीतून डावीकडे उतरलं की खाली एक चौकी होती. तिथे आयोजकांची माणसं आणि जीप होती. उजवीकडे चढलं की धार आणि शेवटची खूण.

"मी चौकीवर जाऊन माणसं आणतो," मी म्हणालो. आणि मग म्हणालो, "तुझं कार्ड दे."

"कार्ड कशाला?"

"दाखवायला लागेल त्यांना."

त्यानं गळ्यातलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. थंडीनं त्याची बोटं वाकत नव्हती, गाठ मीच सोडवली. आजही कधी कुणाच्या शर्टाचं बटण, कुणाच्या पिशवीची गाठ सोडवायला गेलो की ती ओली दोरी आठवते. चौकीवर दाखवायला कार्ड लागत नाही. ते मला शेवटच्या खुणेवर टोचायचं होतं. दोघांची कार्डं टोचायची, मग चौकीवर जायचं, आणि सांगायचं की खूण झाल्यावर रशीद पडला. थोडा उशीर होईल एवढंच. असं मी स्वतःला समजावलं.

खिंडीत पोहोचलो तेव्हा मागे वळून पाहिलं. खाली कपारीत त्याच्या दिव्याचा पिवळा ठिपका दिसत होता. म्हणजे त्यालाही माझा दिवा दिसत असणार. मी उजवीकडे चढलो तर त्याला कळेल. म्हणून मी कपाळावरचा दिवा बंद केला. बाकी सगळ्याला मी काही ना काही कारण देत आलो, थकवा होता, डोकं चालत नव्हतं, वगैरे. दिवा बंद करायला मात्र कारण सापडलं नाही. मी काय करतोय हे मला पूर्ण कळत होतं, म्हणूनच हात बटणाकडे गेला.

अंधारात धार चढलो. बरंच वर गेल्यावर दिवा लावला, तर धुकं इतकं दाट की उजेड भिंतीवर पडावा तसा तोंडासमोर पडत होता. दिवा विझवून चाललो त्या अंतरात कुठेतरी मुख्य धार सोडून एका फाट्यावर शिरलो होतो. होकायंत्र एक सांगत होतं आणि माझं मन दुसरं. मी त्याला एक फटका मारला, जणू तेच चुकत होतं. नकाशा भिजून त्याचा लगदा झाला होता. खूण सापडेना, खिंडही सापडेना. शिट्टी गळ्यात होती, पण ती वाजवली तर मी वर आहे हे रशीदला कळलं असतं. पाय नेतील तसा चढलो, उतरलो. मग कुडकुडणं थांबलं. ते थांबलं की बरं वाटतं, आणि तीच वाईट खूण असते, हे मला माहीत होतं. तरी वाटलं, पाच मिनिटं बसावं. खालून, नाहीतर वरून, कुठून ते कळेना, एकदा शिट्टीचा आवाज आल्यासारखा वाटला. मग वाराच राहिला.

मी बसलो. एकही स्तोत्र आठवेना. जन्मभर पाठ असलेली आरती, तिची पहिली ओळसुद्धा ओठावर येईना. काही मागायलाही तोंड नव्हतं. तिकडे एक माणूस माझी वाट बघत होता, आणि त्याचं कार्ड माझ्या खिशात होतं. शेवटी एवढंच म्हणालो, "आई, माझी अक्कल संपली. आता तू नेशील तिकडे." हे शरण जाणं होतं की नुसतं थकणं, मला आजही सांगता येत नाही. पण ते म्हणून झाल्यावर धुराचा वास आला.

ओल्या हवेत धूर जमिनीलगत येतो, वाऱ्यानं वळून आला असेल, असं कुणी म्हणेल. मी वाद घालत नाही. मी उठलो आणि वासामागे गेलो. मनात अजूनही हेच, की शेवटच्या खुणेपाशी कुणीतरी शेकोटी केली असणार. कार्डं खिशात चाचपूनही पाहिली. उतार उतरलो, धुक्यात तांबडं दिसलं, आणखी खाली गेलो, तर चार खांब आणि पत्र्याचं छप्पर. मी फिरून त्याच खिंडीत आलो होतो. छपराखाली काटक्यांच्या ढिगातली लाकडं जळत होती, आणि जाळाशेजारी गोधडीत गुंडाळलेला रशीद बसला होता.

एक म्हातारी आणि तिचा नवरा खालच्या उतारावर हरभऱ्याच्या राखणीला झोपले होते. शिट्टी ऐकून ते वर आले, दोघांनी मिळून त्याला कपारीतून उचलून छपराखाली आणलं आणि देवाचं लाकूड पेटवलं. म्हाताऱ्यानं मला हाताला धरून जाळाशी बसवलं. म्हातारीनं मात्र आधी माझ्याकडे पाहिलं, मग मी वरून उतरून आलो त्या बाजूच्या अंधाराकडे.

"वरतून कसा उना तू?" ती म्हणाली. "हाऊ तर सांगत व्हता, तू खाले गयेल शे."

मी म्हणालो, "वाट चुकलो."

तिनं जाळात आणखी एक लाकूड सरकवलं. रशीद हसला. त्याचे ओठ काळेनिळे पडले होते, तरी हसला आणि तिला म्हणाला, "बोला था ना माय, हा येणार. स्वतः रस्ता भुलला, पण मला सोडून गेला नाही." आणि मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, हळूच, "माझं कार्ड सांभाळलं का रे?"

मी कार्ड काढून त्याच्या गळ्यात घातलं. त्या वेळी बोलायला हवं होतं. जाळ होता, देव होता, साक्षीला दोन माणसं होती. मी हात शेकत बसलो.

सकाळी म्हातारा चौकीवर जाऊन माणसं घेऊन आला. रशीदला आठवडाभर ताप होता, छाती भरली होती. गुडघा पुन्हा धड झाला नाही. शिडीवर चढून खिडकीला कूलर बसवणं त्याला जमत नाही, दुकानात बसून काम करतो. आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगतो, गारांच्या रात्री माझा दोस्त मदत आणायला गेला, वाट चुकला, मरता मरता वाचला, पण मला शोधत परत आला. त्याची बायको, शबानाभाभी, ईदला शीरखुर्म्याची पहिली वाटी माझ्यापुढे ठेवते. एकदा म्हणाली, "भाऊ, तुम्ही नसता तर मी आज कुणासाठी रांधलं असतं?" मी ती वाटी संपवली. ऑफिसात तर माझा सत्कार झाला. हुरडा खायला गेले होते का म्हणणाऱ्यानंच हार घातला. नंबराच्या ऐवजी मला हे मिळालं, आणि नंबरापेक्षा कितीतरी मोठं होतं. मी घेतलं.

एखाददा वाटतं, कशाला सांगायचं? ती गोष्ट आता रशीदचीही आहे. गुडघा गेला, पण दोस्त पक्का निघाला, या एका आधारावर तो ते दुखणं हसत काढतो. तो आधार काढून घेण्याचा मला काय अधिकार? फार चांगला युक्तिवाद आहे हा. कपारीतून निघताना केला होता तोही असाच चांगला होता.

देवीनं त्या रात्री मला वाचवलं हे मी मानतो, आणि रशीदला तर त्याहून आधी वाचवलं, माझी वाट न बघता. मी ज्याच्याकडे पाठ फिरवली त्याच्याच पुढ्यात तिनं मला आणून बसवलं. माझ्या मनात नसताना माझ्याकडून परत येणं घडवलं. याहून मोठी कृपा कोणती, मला माहीत नाही. आजवर समजत होतो की शरण जाणं म्हणजे पायावर डोकं ठेवणं. ते सोपं आहे, रोज करतो. लोकांच्या तोंडी असलेलं आपलं चांगलं नाव तिच्या पायाशी ठेवायचं म्हटलं की हात आखडतो. तेवढंच मी अजून मुठीत धरून आहे.

मागच्या थंडीत मी एकटाच त्या खिंडीत जाऊन आलो. म्हातारी भेटली. तिनं विचारलं, "तुना दोस्त बरा शे ना?" मी बरा आहे म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली.

रशीदकडे दर रविवारी जातो, चहा होतो, गप्पा होतात, आणि मी उठून येतो. त्या रात्री मी त्याच्यासाठी परत आलो नव्हतो, एवढं एक वाक्य मी त्याचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.