पश्चिमेच्या भिंतीवरच्या तीन खिडक्या

कर्जतहून सकाळच्या एसटीने निघालो ते मनात हेवा घेऊनच. माझी वर्गमैत्रीण शोभा पारनेरच्या बाजूला एका गावात कलाकारांसाठी सामायिक केंद्र उभारते आहे. तशीच योजना मी पदवीच्या शेवटच्या वर्षी वहीत लिहिली होती. घरातला पहिला पदवीधर मी. शाळेत चित्रकला शिक्षकाची नोकरी मिळाली, याचे समाधान आहे. पण वही वहीच राहिली.

नगरला गाडी बदलली. पुढे बोडक्या डोंगरांवर समतल चर (पाणी अडवायला खणलेले आडवे चर) दिसू लागले. फाट्यावर शोभा स्कूटर घेऊन उभी होती.

"या, सरकारी माणूस! रजा मिळाली का?"

केंद्र म्हणजे ग्रामपंचायतीने तिच्या संस्थेला दिलेले बंद दूध संकलन केंद्र. आत अंधार, म्हणून पेंटर, मूर्तिकार सगळे अंगणात मांडवाखाली काम करत होते. मी खोट शोधत फिरलो आणि ती सापडली. पश्चिमेच्या भिंतीवर खडूने तीन खिडक्या आखल्या होत्या. उद्या गवंडी भिंत फोडणार होता.

"उत्तरेला शेजाऱ्यांचा गोठा आहे. वास नको, म्हणून इकडे," शोभा म्हणाली.

दुपारनंतर ऊन थेट कामावर येणार, रंग फसवे दिसणार. मी बोललो नाही. खरे सांगतो, बरे वाटले.

जेवायला शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची, रश्श्यात शिजवलेली) होती. शेजारी बबन पेंटर बसले.

"सर, लोकांच्या ओट्यावर बसून पाट्या रंगवल्या. ऊठ म्हनलं की उठायचं. आता त्या मधल्या खिडकीखाली बसनार. तितनं कोन उठवतंय?"

ऊनच उठवणार होते त्यांना.

"शोभा, खिडक्या उत्तरेला काढ. तिकडून थेट ऊन येत नाही," मी म्हणालो आणि पश्चिमेच्या उन्हाचे सांगितले.

"आणि गोठा?"

बबनकाका हसले. "म्हशींनी टर्पेंटाइनच्या वासाची तक्रार केली न्हाई म्हंजे झालं!"

शोभा माझ्याकडे वळली. "हे मघाशी का नाही बोललास?"

उत्तराची वाट न पाहता तिने ओल्या फडक्याने खडू पुसला आणि उत्तरेची भिंत मला आखायला दिली.

परतीच्या गाडीत मन हलके होईल असे वाटले होते. झाले नाही. केंद्र आता आणखी चांगले होणार होते, आणि ते तिचेच असणार होते.

घरी बायकोने विचारले, "कसं आहे शोभाचं केंद्र?"

"फार चांगलं आहे," मी म्हणालो. एवढे म्हणायला मला कर्जतपर्यंत यावे लागले.