मापाड्याचं बीपी

उदगीरच्या मोंढ्यात व्यंकटी मापाड्यानं तीस वर्षं धान्याची पोती तोलली. काट्यावर पोतं असताना कुणी नुसतं बोट टेकवलं तरी तो खवळायचा, "हात काढा. परत तोलतो." समोर अडत्या असो की शेतकरी, त्याला सगळे सारखे.

लेक धम्मप्रियानं त्याला कायमचं कॅनडाला बोलावलं, तेव्हा व्हिसाच्या तपासणीसाठी तो हैदराबादला गेला. डॉक्टर मूळचे देगलूरचे निघाले, म्हणून बोलायची सोय झाली. त्यांनी दंडाला पट्टा बांधला. यंत्र घुरघुरलं आणि वरचा आकडा आला एकशे अठ्ठ्याहत्तर.

"गोळी घेतली नाही का?"

"रोज घेतो. आज बी घेतली. पण साहेब, हे यंत्र नेमकं काय तोलतंय?"

"रक्ताचा जोर."

"मंग आत्ताच जिना चढून आलेल्या माणसाचा का तोलता? आम्ही काटा आधी ठरू देतो, मंग आकडा वाचतो."

डॉक्टरांना पटलं. व्यंकटी दहा मिनिटं भिंतीकडं बघत गप बसला. आता आकडा आला एकशे अडतीस.

"छान. एकदा शेवटचं बघू," डॉक्टर म्हणाले. पट्टा फुगत असताना त्यांनी सहज विचारलं, "लेकीला किती वर्षांनी भेटणार?"

"सात."

यंत्रावर एकशे सत्तर.

व्यंकटी त्या आकड्याकडं बघतच राहिला. मग त्यानं दंड पुन्हा पुढं केला.

"परत तोला, साहेब. ह्या टायमाला पोत्याला हात लावू नका."