मी न घेतलेला चार्ज

मशीन ऑइलचा वास आला की वुडलँड्समधला आमचा तेव्हाचा फ्लॅट आठवतो. नवरा मरीन इंजिनिअर. बायपोलर आजाराच्या नैराश्यातून नुकता कुठे सावरत होता. एका सकाळी तो अगदी शांतपणे मला पंखा, मिक्सर, वॉशिंग मशीन दुरुस्त करायला शिकवू लागला, बोटीवरून उतरताना इंजिनिअर पुढच्याला चार्ज देतो तसं. मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. सरळ विचारलं, "जीव द्यायचं मनात आहे का रे?" तो म्हणाला, "हो." मी म्हटलं, "मग मी चार्ज घेणार नाही. चल डॉक्टरांकडे." ऑइलच्या हातांनीच तो टॅक्सीत बसला. आज मिक्सर पुन्हा बिघडलाय आणि तो गुणगुणत उघडून बसलाय. मला अजून स्क्रूही फिरवता येत नाही, आणि मी शिकणारही नाही!